अंगणात सोडलेला कुत्रा मजेत असतो?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की शेजारचे मालक बाहेर गेले की त्यांचा कुत्रा दिवसभर अंगणात भुंकतो, आणि दोनच दिवसांनी त्यावर कोणाचं तरी उत्तर आलं की एवढं मोठं अंगण मिळालंय, मोकळा फिरतोय, मजेत असणार, भुंकणं तर त्याचा स्वभावच आहे. ते दुसरं पत्र वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अगदी हेच मी पण दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरत होते.

आमचा डांबऱ्या, रंगावरून नाव पडलं. वजन 20 किलोच्या आसपास. सकाळी आम्ही दोघं कामाला गेलो की मागचं दार उघडं ठेवायचो, दाराला एक दगड लावायचा, म्हणजे हवं तेव्हा आत, हवं तेव्हा बाहेर, त्याची मर्जी. बाहेर झाडाखाली पाण्याची बादली. मला तर वाटायचं की घरात कोंडून जाणाऱ्या लोकांपेक्षा आपण किती बरे.

त्या दिवशी मी तीनच्या सुमारास घरी आले ते नशीबच, एरवी सहा वाजतात. दगड बाजूला सरकलेला आणि दार लागलेलं. वाऱ्याने लागलं की त्यानेच धडक मारून लावून घेतलं ते आजपर्यंत कळलं नाही. बादली आडवी. आणि मुख्य म्हणजे सकाळी नऊला जिथे गार सावली होती तिथे आता रखरखीत ऊन, ही गोष्ट दोन वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आली नव्हती की सावली दिवसभर एका जागी बसून राहत नाही. डांबऱ्या भिंतीला चिकटून वीतभर सावलीत पडलेला, जीभ पूर्ण बाहेर, लाळ दोरीसारखी घट्ट, हिरड्या लालभडक. हाक मारल्यावर उठला आणि दोन पावलात तोल जाऊन बसला. मी नळाची पाइप लावून त्याला आधी पूर्ण भिजवला, पुठ्ठ्याने वारा घातला आणि तसाच ओला गाडीत टाकून डॉक्टरांकडे नेला. तिथे ताप 41.4 अंश सेल्सियस निघाला, म्हणजे पाणी ओतून झाल्यावर सुद्धा. कुत्र्याचं नॉर्मलच 38.3 ते 39.2 असतं, आपल्यापेक्षा जास्त, पण 41 च्या वर गेलं की किडनी, मेंदू, रक्त गोठणं, सगळ्यावरच परिणाम व्हायला लागतो. डॉक्टर ओरडले वगैरे नाहीत. फक्त विचारलं, पाणी शेवटचं कधी बघितलं होतं? माझं उत्तर होतं, सकाळी नऊला.

वाचला तो. पण हे का होतं ते तेव्हा नीट समजून घेतलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो तेवढाच, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. हवा दमट असली की जिभेवरचा ओलावा उडतच नाही, मग कितीही धापा टाकल्या तरी अंग थंड होत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर अजूनच कठीण, त्यांची श्वासाची वाटच अरुंद. म्हातारे, जाडे, दाट केसांचे, हे पण त्याच लायनीत.

आता भुंकण्याचं, कारण मूळ पत्र त्याचंच होतं. या प्रकारानंतर डांबऱ्या पूर्ण बरा झाल्यावर मी एका ढगाळ दिवशी मुद्दाम अंगणात कॅमेरा लावला, मागचं दार उघडंच राहील असं पक्कं बांधलं आणि नेहमीसारखी गेले, फक्त यावेळी दर तासाला कोणीतरी येऊन बघेल अशी सोय करून. संध्याकाळी रेकॉर्डिंग बघितलं. वाटलं होतं पळेल, खेळेल, मातीत लोळेल. खेळला तो फार तर दहा मिनिटं. नंतरचा सगळा वेळ गेटपाशी. माणूस गेला, भुंक. सायकल गेली, भुंक. भिंतीवर मांजर येऊन आरामात पंजा चाटत बसली, तेव्हा तर वीस मिनिटं नुसता थयथयाट. यात एक गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की रस्त्यावरचा माणूस आपल्या वाटेने जातच असतो, पण कुत्र्याच्या हिशोबात मी भुंकलो म्हणून तो पळाला. म्हणजे दिवसातून पन्नास वेळा त्याला बक्षीस मिळतं आणि सवय रोज घट्ट होत जाते. वरून समोर दिसतंय पण गेटमुळे पोचता येत नाही, तो राग वेगळाच. असा कुत्रा मग रस्त्यावर फिरायला नेला तरी दुसरा कुत्रा दिसला की अंगावर जातो, आणि आपण म्हणतो हा अचानक असा कसा झाला. अचानक नाही होत, आपण रोज सकाळी त्याला त्या शिकवणीला बसवून जातो.

काहीजण म्हणतील की पूर्वी सगळ्यांचे कुत्रे बाहेरच असायचे, काय झालं? असायचे, पण घरात पण दिवसभर कोणी ना कोणी असायचं. दार वाजलं, कुत्रा ओरडला, की आतून कोणीतरी बघायला यायचं. आता घराला कुलूप आणि अंगणात कुत्रा, हे वेगळं प्रकरण आहे.

बाकीचे धोके पटपट सांगते. बागेत कण्हेर किंवा बिट्टी असेल तर दोन्ही विषारी, हृदयावर परिणाम करतात, आणि कंटाळलेला कुत्रा काहीही चावून बघतो. उंदराचं औषध तर त्याहून वाईट कारण रक्त पातळ करणारं असेल तर खाल्ल्यावर तीन ते पाच दिवस काही दिसतच नाही, मग रक्तस्राव सुरू होतो आणि तोवर आपल्याला आठवत पण नाही की शेजारी कधी टाकलं होतं. तुंबलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलं असेल तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. पार्सलवाला गेट नीट न लावता गेला तर कुत्रा रस्त्यावर. त्याच्या अंगात मायक्रोचिप असली तरी ती स्कॅनर लावल्यावर फक्त नंबर दाखवते, कुठे आहे ते सांगत नाही, लोकांचा इथे फार गैरसमज आहे. आणि कोणा लहान मुलाने लाड करायला गेटमधून हात घातला आणि हा चावला तर? जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा, हे सांगायला तिथे कोणी मोठं माणूस असेलच असं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही, त्यामुळे आपल्या कुत्र्याची लस वेळच्या वेळी हे तर हवंच हवं.

दोरीने किंवा साखळीने बांधून घराबाहेर जाणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, नका करू. दोरी झाडाला गुंडाळत जाते आणि शेवटी फूटभर उरते, मग समोर पाणी असलं तरी तोंड पोचत नाही. भिंतीवरून उडी मारली तर फास बसतो. यापेक्षा वाईट पर्याय मला तरी सुचत नाही.

मग काय करायचं? आम्ही आता त्याला घरातच ठेवतो. सकाळी अर्धा तास लवकर उठून नीट फिरवून आणायचं, घाईत कोपऱ्यापर्यंत जाऊन परत नाही, त्याला हुंगत हुंगत जाऊ द्यायचं, त्याने तो जास्त दमतो. नंतर थंड खोली, दोन ठिकाणी जड भांड्यात पाणी, रस्त्याकडच्या खिडकीला पडदा. दुपारी एक ओळखीचं माणूस येऊन त्याला दहा मिनिटं बाहेर काढतं. मोठा कुत्रा तसाही दिवसातले बरेच तास झोपतो, फक्त त्याला झोपायला निवांत जागा पाहिजे, गेटवरची ड्युटी नको. पिल्लाचं वेगळं, त्याला इतका वेळ लघवी धरवतच नाही, त्याच्यासाठी मधे माणूस येणं पाहिजेच. आणि ज्या कुत्र्याला एकटं राहायची खरोखरच भीती वाटते, आपण गेल्या गेल्या जो दार ओरबाडायला लागतो, त्याला अंगणात सोडून ती भीती जात नाही, उलट तो भिंत चढायला बघतो. त्याला थोड्या थोड्या मिनिटांनी वाढवत सवय करावी लागते, डॉक्टरांचा सल्ला घेऊन. अंगण आमच्याकडे अजून आहेच, डांबऱ्या रोज संध्याकाळी तिथे असतो, पण तेव्हा मी पण तिथे असते.

शेवटी त्या पहिल्या पत्रवाल्या वाचकांसाठी. तुम्ही चिडलाय ते बरोबर आहे, पण तुमच्या शेजाऱ्यांना हे भुंकणं बहुतेक माहीतच नसणार, कारण ते भुंकणं ऐकायला ते घरात कधी नसतातच. एक दिवस फोनवर रेकॉर्ड करा आणि संध्याकाळी शांतपणे त्यांना ऐकवा. मी कॅमेऱ्याचं सगळं आमच्या शेजारच्या काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, अगं मला माहितीये, तो रोज अकरा वाजता सुरू व्हायचा. मी म्हटलं, काकू मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, तुला राग येईल म्हणून.

आपली,
डांबऱ्याची मालकीण