तक्रार: बाळ गेल्याचं ॲपला सांगूनही नवऱ्याच्या फोनवर "अभिनंदन" येतंच आहे

प्रति,
कस्टमर सपोर्ट

नमस्कार,

मी फोंड्याहून लिहितेय, तुमच्या प्रेग्नन्सी ॲपचा वर्षाचा प्रीमियम प्लॅन घेतलाय. 33व्या आठवड्यात आमची मुलगी पोटातच गेली. डिलिव्हरी बांबोळीला झाली, तिथल्या सिस्टरनी मला फार सांभाळून घेतलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती घरी आल्यावर तुमच्या ॲपने काय केलं त्याची.

आधी ते बटण. सेटिंग्ज, मग प्रोफाइल, मग "माझी प्रेग्नन्सी", आणि तिथे एकदम तळाला बारीक अक्षरात "प्रेग्नन्सी संपली". ते दाबलं की पुढचा प्रश्न काय, तर "पुढच्या पाळीची तारीख ट्रॅक करायची का?" अहो, माझे टाके सुद्धा सुकले नव्हते. असो, केलं ते, माझ्या फोनवरचं सगळं बंद झालं. पण पार्टनर मोडला जोडलेला नवऱ्याचा फोन तसाच चालू राहिला. तो वेर्ण्याला शिफ्टमध्ये असतो, तिथे दर सोमवारी त्याला मेसेज, बाळ आता शहाळ्याएवढं झालंय, हॉस्पिटलची बॅग भरली का, आणि दिलेल्या तारखेला तर फुगे उडवून "अभिनंदन बाबा!" मला यातलं त्याने काहीच सांगितलं नाही. चवथीला गावच्या घरी गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला स्टुलावर चढला आणि फोन माझ्या हातात दिला, तेव्हा मला दिसलं. ॲप काढून का टाकलं नाहीस म्हणून मी चिडले तर म्हणतो, काढलं तर तुझी डायरी जाईल.

खरंच होतं त्याचं. मी रोज लिहायचे त्यात, कधी लाथ मारली, किती वेळा, सोनोग्राफीचे फोटो, डॉक्टरांकडे रेकॉर्ड केलेले ठोके. ते बटण दाबल्याबरोबर माझ्याकडून हे सगळं गायब झालं आणि फक्त त्याच्याकडे उरलं. म्हणजे डायरी पाहिजे तर फुगे पण सोसा. आमच्याकडे तिचं दुसरं काय आहे सांगा? मेसेज नको म्हणणाऱ्या आईला आठवणी पण नकोत, हे तुमच्याकडे कोणी ठरवलं?

आता तुमचा तो "दुःखात सोबत" चॅट. जाहिरात मराठीत, ॲप मराठीत, आणि नेमका हा भाग इंग्लिशमध्ये. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. छाती दगड झाली होती, गाऊन ओला, आणि रात्री कोणाला उठवणार. चॅटवर विचारलं दूध येतंय काय करू, तर उत्तर आलं, स्तनपान सुरू झाल्याबद्दल अभिनंदन, आणि खाली ब्रेस्ट पंपवर डिस्काउंट! बाळ गेलं तरी दूध येतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर निदान घाबरले नसते. सकाळी वहिनीने ओळखीच्या नर्सला फोन लावला तेव्हा कळलं, नीट आधार देणारी ब्रा घाल, थंड पट्ट्या ठेव, फारच ठणकलं तर थोडंसंच काढ, सगळं काढत बसलीस तर आणखी येईल, दूध थांबवायच्या गोळ्या असतात त्या डॉक्टरांना विचारूनच घे, ताप आला किंवा छाती लाल झाली तर थांबू नकोस. एवढ्या चार ओळी तुम्हाला लिहिता येत नाहीत?

रजेचं पण तेच. तुमचं मॅटर्निटी लीव्हचं कॅल्क्युलेटर ते बटण दाबताच बंद. ऑफिसात मला म्हणाले, मिसकॅरेजची सहा आठवडे मिळेल. ते गरोदरपणाच्या 26 आठवड्यांच्या आतलं झालं. मला ज्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याखाली रजा मिळाली, त्यात मूल म्हणजे मृत जन्मलेलं मूलही धरलंय, म्हणजे माझी डिलिव्हरीच, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतरची पूर्ण 26 आठवड्यांची रजा. हे मला युनियनमधल्या एका मावशीने सांगितलं, आणि वर भांडली पण तीच.

आम्हाला माहीत नव्हतं असं प्लीज म्हणू नका. 2018 मध्ये अमेरिकेत जिलियन ब्रॉकेल नावाच्या पत्रकार बाईंनी, त्यांचं बाळ असंच गेल्यावर, टेक कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की मी गरोदर आहे हे जर तुम्हाला कळतं तर बाळ गेलं हेही कळायला पाहिजे. मी तर तुम्हाला स्वतःच्या हाताने कळवलं होतं.

तर आता, नवऱ्याच्या अकाउंटवरचं सगळं आज बंद करा, पण त्याआधी डायरी, फोटो आणि ठोक्यांची फाइल मला ईमेल करा आणि ती पोचली असं मी म्हणेपर्यंत काही डिलीट करू नका. ते बटण पहिल्या पानावर आणा. चॅटला उत्तर देता येत नसेल तर गप्प बसवा आणि त्या जागी टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 तरी लिहा, सरकारी आहे, फुकट आहे. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या, नाहीतर मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकणार आहे. पंपाचं कूपन वगैरे पाठवू नका.

उत्तर मराठीत आणि माणसाने लिहिलेलं पाहिजे. आणि तुमच्या प्रत्येक ईमेलखाली ते "बाळाच्या प्रत्येक पावलावर तुमच्यासोबत" असतं ना, तेवढं काढून मग पाठवा.

तुमची एक ग्राहक,
फोंडा, गोवा