जूनपासून मी पुण्याला

आई, पप्पा,

सप्रेम सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आईनं मधेच फोन पप्पांच्या हातात दिला असता आणि पप्पांनी "बरं, बघू" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून लिहितेय. हॉस्पिटलची नोकरी मी सोडली. राजीनामा मंजूरही झाला. जूनपासून पुण्याला, बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जातेय. पप्पा, तुमचे मामा यवतमाळला शिकले ना, तेच हे धर्मशिक्षणाचं कॉलेज. 1983 साली पुण्याला हललं. तिथं मला समुपदेशन शिकायचंय, पवित्र शास्त्राच्या आधारानं.

नर्सिंग सुटलं असं समजू नका. रजिस्ट्रेशन चालू ठेवतेय, सुट्ट्यांत ड्युटी करीन. आरडीला हात लावलेला नाही आणि वहिनीच्या घराचा हप्ता माझ्याकडेच राहील. आणि आई, तू तोंड उघडायच्या आत सांगते, स्थळं पुण्यातही असतात.

पप्पा, तुम्ही म्हणालात, "झालं गेलं आता कामून उकरून काढायलीस? घरातलं बाहेरच्याला कशाला सांगायचं?" मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. पण दादा गेला तेव्हा आपलं घर माणसांनी भरलं होतं आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, देवाची इच्छा. एकानं तर प्रार्थना कमी पडली असंही ऐकवलं. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र 7 दिवस नि 7 रात्री त्याच्याजवळ भुईवर गप्प बसले तोवर बरं होतं, बोलायला लागले आणि बिघडलं, हे तरुण संघात तुम्हीच शिकवायचात ना?

इथल्या पाळकबाई माझ्याजवळ आधी नुसत्या बसल्या. मग त्यांनी 88वं स्तोत्र काढलं. गाऱ्हाण्याची इतर बहुतेक स्तोत्रं रडून रडून शेवटी स्तुतीला येतात, हे येत नाही. अंधारातच संपतं. असलं गाऱ्हाणंसुद्धा देवानं शास्त्रात ठेवलंय हे वाचून मला पहिल्यांदा नीट रडू आलं.

नुसतं रडणं नव्हतं मात्र, कामही लावलं त्यांनी. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय. चोरी करणाऱ्यानं चोरी सोडून भागत नाही, हातानं कष्ट करून गरजवंताला द्यायचं. म्हणजे जुनं टाकलं की त्या जागी नवं काही घालावं लागतं. दागिन्यांवरून वहिनीला बोलणं मी बंद केलं होतंच. आता रविवारी उपासना झाली की तिला फोन लावते, पोरांचा अभ्यास घेते. आधी जिवावर यायचं, आता पोरंच वाट बघतात.

हे फॅड कुठलं, असं तुम्ही विचारणारच. जे अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन पाळकानं 1970 च्या सुमारास शास्त्राच्या आधारानं समुपदेशनाची ही पद्धत मांडली. त्यांचं सगळं मला पटत नाही. माणसाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ पापात शोधायचं, हे वॉर्डात रात्री काढलेल्या बाईला कसं पटेल? एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता मला मरण दे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं. प्रश्न विचारला तो पुढं, डोंगरावर.

म्हणून सांगते पप्पा, रात्री दोन वाजता ओट्यावर बसून राहणं चांगलं नाही. झोपेचं डॉक्टरांना सांगायचं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं होत नाही, शुगरची घेताच की! तीही विसरता, मागच्या वेळी बायबलात खुणेला गोळ्यांची अख्खी पट्टी घातलेली सापडली. फारच जड वाटलं तर 14416 लावा, टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मला उठवलंत तरी चालेल. मला ताप आला की सायकलच्या नळीवर बसवून मिशन हॉस्पिटलला न्यायचात आणि वाटभर बेसूर गीतं म्हणायचात, तेव्हा कुठं वेळ बघितली होती तुम्ही?

आई, भाकरीच्या टोपल्यात तू अजून एक भाकर जास्तीची टाकतेस, मी बघते. टाक. पण सकाळी ती शिळी तू खायची नाहीस. टँकर आला की कळशी उचलायची नाही, शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय. गुडघ्याचं तेल संपलं की दुकानातून आणायचं, पुरवून पुरवून लावायचं नाही. पप्पांच्या गोळ्यांचे पैसे मेडिकलवर महिन्याचे महिन्याला पोचतील.

मला तिथं होस्टेल आहे, मेस आहे, काळजी करू नका. जालन्याहून थेट एसटी मिळते. मे संपता संपता येते. पत्र्याची पेटी लागेल, रिकामी करून ठेवा. आणि आई, शेंगदाण्याची चटणी जास्तीची कर, होस्टेलच्या पोरी डबा एका दिवसात संपवतात.

तुमची
बेबी