मेमी स्मिथला नुसतं नशीबवान म्हणू नकोस

प्रिय अव्या,

परवा तू म्हणालास ना, की शंभर वर्षांपूर्वीची ती अमेरिकन गायिका मेमी स्मिथ नुसती नशीबवान, खरी ब्लूजवाली (म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची ती दुःखाची गाणी गाणारी) बेसी स्मिथच, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहूनच पाठवतोय.

नशीब होतं, मान्य. पेरी ब्रॅडफर्ड हा गीतकार न्यूयॉर्कमधे रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवत होता, कृष्णवर्णीय बाईचा आवाज रेकॉर्ड करा, आमची माणसं पैसे मोजून घेतील म्हणून, आणि कोणी दारात उभं करत नव्हतं. शेवटी ओके कंपनीचा फ्रेड हेगर तयार झाला पण त्याला ब्रॅडफर्डच्या गाण्यांसाठी गोरी स्टार सोफी टकर हवी होती. तिचं जमलं नाही म्हणून मेमीचा नंबर लागला. १४ फेब्रुवारी १९२०, दोन गाणी, साथीला कंपनीचेच गोरे वादक. रेकॉर्ड बरी खपली म्हणून १० ऑगस्टला परत बोलावलं आणि यावेळी साथीला कृष्णवर्णीय वादक, ते झालं 'क्रेझी ब्लूज'. पहिल्या महिन्यातच ७५ हजार प्रती गेल्या असं सांगतात. रेल्वेच्या पुलमन म्हणजे झोपायच्या डब्यातले पोर्टर गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन दक्षिणेत जास्त भावाने विकायचे म्हणे.

पण अव्या, नशिबाने दार उघडतं फक्त. आत जाऊन गायचं कसं ते बघ ना. तेव्हा माईक नव्हताच, विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ ला. समोर एक मोठा कर्णा, त्याच्या दुसऱ्या टोकाला सुई, खाली मेण. ज्याचा आवाज थेट कर्ण्यात शिरेल तोच मेणावर उमटणार. सूर फार जोरात लागला तर रेकॉर्ड फाटल्यासारखी वाजणार म्हणून गायिकेने मागे सरायचं, हळू जागा आली की पुढे. ढोल-ड्रम बहुतेक वेळा बाहेरच ठेवायचे, सुई उडायची म्हणून. वाद्यवाल्यांना मागेपुढे, कोपऱ्यात बसवायचे आणि तीनेक मिनिटांत सगळं आटपायचं, मधे चुकलं की मेण बदला आणि पहिल्यापासून गा.

आता मेमी आली कुठून? सिनसिनाटीची, लहानपणीच नाचणाऱ्या कंपनीबरोबर बाहेर पडलेली, मग 'स्मार्ट सेट' या फिरत्या नाटकमंडळीबरोबर फिरली, मग न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या थिएटरांत. म्हणजे वॉडव्हिलची, गाणी-नाच-विनोदाच्या रंगमंचाची बाई, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्दन् शब्द कळला पाहिजे हीच तालीम. तू जिला 'नाटकी' म्हणतोस ना ती हीच गायकी आणि त्या कर्ण्याला नेमकी हीच हवी होती! क्रेझी ब्लूज हेडफोन लावून ऐक, ट्रॉम्बोन घसरत येतो, क्लॅरिनेट वर चढते, मधे व्हायोलिन रेंगाळतं आणि या सगळ्या गर्दीत तिचा एकही शब्द हरवत नाही. मला तर हे थक्क करतं.

बेसी मोठीच, त्यात वादच नाही. पण बेसीला कोलंबियाने घेतलं १९२३ मधे, आणि तोवर सगळ्या कंपन्या ब्लूज गाणाऱ्या बायका शोधत सुटल्या होत्या कारण मेमीने गल्ला भरून दाखवला होता. मेमीच्या जॅझ हाउंड्स या बँडमधे सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स आला तेव्हा तो विशीतही नव्हता रे.

पुढे मात्र मेमीचं अवघड होत गेलं. बेसी आणि मा रेनी या ब्लूज गायिका आल्यावर लोकांना जड, खोल आवाजाची चटक लागली, मेमीच्या रेकॉर्ड कमी कमी होत गेल्या, ओकेसाठी शेवटच्या १९३१ मधे. नंतर थोड्या सिनेमांत दिसली, १९४६ ला न्यूयॉर्कमधे गेली. स्टेटन आयलंडच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नाव नव्हतं, तिच्या मानाला साजेसा दगड बसला तो २०१४ साली, चाहत्यांनी पैसे जमवून. इतकी रेकॉर्ड खपली त्या बाईची, आणि दगडाला वर्गणी. याचा मला खरंच राग येतो.

तर आता तू बेसीची कुठलीही १९२३ ची रेकॉर्ड आणि मेमीची ऑगस्टवाली, दोन्ही लागोपाठ लाव, आणि कोण चांगलं ते सोड, कुठला शब्द कुठे कळतो तेवढं ऐकून मला लिही.

तुझा,
सुहास