देणगीदार कोणाचा? (मित्रास पत्र)

अंबाजोगाई,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही प्रस्ताव मिळाले. पुण्याच्या कंपनीचा तीन वर्षांचा देणगीचा करार येत्या मार्चमध्ये संपतो आहे, तुझ्या वसतिगृहात आज साठ मुले आहेत, आणि दसरा-दिवाळीनंतर त्यांचे आईवडील ऊसतोडीला निघाले की ही संख्या आणखी वाढणार आहे. अशा वेळी निधी उभारण्यासाठी सल्लागार नेमावा की नाही, आणि नेमायचा झाल्यास या दोघांपैकी कोणता, असे तू विचारले आहेस. उत्तर एका ओळीत हवे होते. तसे ते देताही आले असते, परंतु त्या ओळीमागे आमच्या संस्थेचे दोन वर्षांचे नुकसान आहे आणि ते ऐकल्याशिवाय माझे म्हणणे तुला पटणार नाही.

आम्ही सल्लागार नेमला तेव्हा कोषाध्यक्ष मीच होतो, त्यामुळे त्या निर्णयाचे खापर मला दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही. बाहेरच्या एका मोठ्या शहरातले ते गृहस्थ. आधी एक रुपयाही नको, जो निधी आणीन त्याचे बारा टक्के द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे आले तरच द्यायचे आहेत, नाही आले तर आपले काय जाते, असा विचार करून आम्ही विश्वस्तांनी दहा मिनिटांत ठराव मंजूर केला. पहिल्या आठ महिन्यांत त्यांनी खरोखरच दोन चांगले देणगीदार मिळवून दिले, आणि त्या काळात मी त्यांची जी स्तुती करत हिंडलो ती तूही ऐकली आहेस. पहिला खडा लागला तो हिशेब लिहिताना. देणगीच्या करारपत्रात शिक्षकांचे मानधन, धान्य, औषधे, शालेय साहित्य असे खर्चाचे रकाने ठरलेले होते आणि बारा टक्क्यांना त्यात कुठेही जागा नव्हती. ती रक्कम ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून दाखवावी, असे त्यांनी अगदी सहज सुचवले. मी दाखवली नाही. आम्ही चौघा विश्वस्तांनी ती पदरची भरली.

खरे नुकसान कळायला मात्र आणखी काही महिने जावे लागले. वर्ष संपल्यावर ते दुसऱ्या संस्थेकडे गेले, आणि मग आमच्या लक्षात आले की देणगीदारांचे क्रमांक, त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार, कोणाला कोणता अहवाल कधी पाठवायचा याची नोंद, हे सगळे त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहिले होते. त्यांतल्या एका देणगीदाराचा पत्ता शोधून मी स्वतः पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते, पण त्याचा अर्थ एवढाच होता की आमचा परिचय त्या गृहस्थांशी आहे, ते आता ज्या संस्थेचे काम पाहतात तिला आम्ही यंदा मदत केली आहे. आमचे नावसुद्धा त्यांना नीट आठवत नव्हते.

तू ज्या घरांतली मुले सांभाळतोस, त्या घरांना हा व्यवहार नवा नाही. कारखान्याची उचल मुकादमाच्या हाती येते, मुकादम ती कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, देतो, आणि त्या क्षणापासून नवराबायको बांधली जातात ती मुकादमाशी. कारखान्याच्या लेखी त्यांना नाव नसते. टक्केवारीवर काम करणारा सल्लागार आपल्या आणि देणगीदाराच्या मध्ये असाच उभा राहतो. (टक्केवारी या शब्दाला आपल्याकडे जो वास आहे, तो वेगळाच.) निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांची अमेरिकेत एक जुनी संघटना आहे, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, तिच्या आचारसंहितेतही जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई आहे. हे मला आमचा ठराव होऊन गेल्यावर कळले. कारणही सरळ आहे. ज्याचे पोट टक्क्यांवर आहे तो लवकर मिळणाऱ्या पैशामागे धावणार. आणि जो देणगीदार दोन वर्षे नुसती चौकशी करतो, तिसऱ्या वर्षी मुलांना येऊन भेटतो आणि पुढे दहा वर्षे सोडून जात नाही, त्याच्यासाठी थांबायला अशा माणसाला सवड नसते.

म्हणून तुझ्याकडे आलेला पहिला प्रस्ताव, दहा टक्क्यांचा, तू बाजूला ठेवावास असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातले इतर दोष पाहता टक्केवारी नसती तरी मी हेच म्हटले असते. त्याच्या तिसऱ्या पानावर आपल्या बीडचा उल्लेख ‘आकांक्षित जिल्हा’ असा केला आहे. मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या नीती आयोगाच्या त्या यादीत मराठवाड्यातला एकच जिल्हा आहे आणि तो धाराशिव. म्हणजे तिकडच्या कुठल्या संस्थेसाठी केलेला मजकूर नाव बदलून तुला पाठवला आहे, अशी मला दाट शंका येते. पुढे, परिसरातल्या साखर कारखान्यांचा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा निधी) मिळवून देऊ, असे मोठ्या विश्वासाने लिहिले आहे. सीएसआरचे बंधन येते ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे, आणि ते कंपन्यांवर येते. सहकारी कारखाना ही सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असल्याने तिला ते कलम लागूच होत नाही. खासगी कारखान्यालाही ते लागू होते ते त्याचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एखादी मर्यादा गाठली तरच. साखरेच्या धंद्यात नफ्याचा आकडा कसा वरखाली होतो, हे केजच्या चहाच्या टपरीवरही कळते. ते या प्रस्तावाच्या लेखकाला ठाऊक नसावे.

त्याच प्रस्तावातले आणखी एक वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवतो आहे. परदेशी निधी ‘आमच्या परिचयाच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत’ तुमच्याकडे वळवू, असे ते वाक्य आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, आलेला पैसा एका संस्थेला दुसरीकडे देता येत नाही, मग दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. तुझ्या संस्थेकडे तर एफसीआरएची नोंदणीच नाही. असे वाक्य जो लिहितो, त्याला कायदा ठाऊक नसेल किंवा ठाऊक असूनही त्याने लिहिले असेल. दोन्ही बाबतींत त्याला चहा पाजून निरोप देणेच बरे.

दुसरा प्रस्ताव छत्रपती संभाजीनगरच्या बाईंचा आहे. तो दिसायला साधा आहे, त्यात आश्वासने कमी आहेत, आणि अर्धे पान तर त्यांनी तुलाच प्रश्न विचारले आहेत: गेल्या तीन वर्षांत कोणी किती दिले, त्यांतले किती जण दुसऱ्यांदा देऊन गेले, एका मुलाचा वर्षाचा खर्च किती येतो, वर्षातले कोणते महिने सर्वांत ओढाताणीचे असतात. तू पत्रात ‘बाई फार चौकशा करतात’ अशी तक्रार केली आहेस. मला त्याच गोष्टीमुळे त्यांच्याविषयी विश्वास वाटला. तरीही लगेच होकार देऊ नकोस. त्यांचा अनुभव मुख्यतः आजारी मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी ऑनलाइन वर्गणी उभारण्याचा दिसतो. तिथे एका मुलाचा फोटो आणि एक तातडीची रक्कम यांवर काम चालते. वसतिगृहाला मात्र दर महिन्याला तेच पीठ, तीच डाळ आणि तेच वीजबिल लागते, आणि त्यासाठी कोणाचे काळीज हलवणे फार अवघड असते. त्यांनी ज्या संस्थांसाठी काम केले त्यांपैकी तिघांशी तू स्वतः बोल, आणि त्यांतली एक तरी अशी निवड की जिथे त्यांचे काम फसले होते. का फसले, हे बाईंनी आधी सांगितलेले आणि त्या संस्थेने नंतर सांगितलेले जुळते का, ते पाहा. त्यांनी लिहिलेला एखादा जुना प्रस्ताव वाचायला माग. त्यात देणगीदारांची नावे झाकलेली असली तर उत्तम. उघडी असली तर उद्या आपलीही तशीच दुसऱ्याच्या टेबलावर जातील, हे समजून घे.

त्यांना नेमलेस तर सहा महिन्यांसाठी नेम, दरमहा ठरावीक मानधनावर, विश्वस्तांच्या सभेत ठराव करून आणि लेखी नेमणूकपत्र देऊन. मानधन वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर दहा टक्के टीडीएस कापावा लागेल, आणि बाई जीएसटीखाली नोंदलेल्या असतील तर तो वर द्यावा लागेल. हे आधीच धरून चाल, नाहीतर मागाहून तोंडे वाकडी होतात. हे पैसे कंपनीच्या चालू निधीतून काढू नकोस आणि कॉर्पसला, म्हणजे संस्थेच्या कायम निधीला, हात लावू नकोस. विश्वस्तांनी आणि दोनचार जुन्या स्नेह्यांनी मिळून ते याच कामासाठी म्हणून द्यावेत. माझे दहा हजार त्यात धर.

नेमणूकपत्रात एक गोष्ट ठळक लिहून घे. देणगीदारांची यादी, पत्रे, प्रस्तावांचे मसुदे आणि मुलांचे फोटो ही संस्थेची मालमत्ता आहे. त्यांची नोंद संस्थेच्याच संगणकावर व संस्थेच्याच ईमेलवर राहील, आणि प्रत्येक रुपया संस्थेच्याच बँक खात्यात येईल. आभाराचे पत्र तुझ्या सहीचे गेले पाहिजे आणि फोन तू केला पाहिजेस. तुझ्या वसतिगृहात वाढलेली आणि आता तुझे हिशेब लिहिणारी ती मुलगी बाईंच्या शेजारी सहा महिने बसू दे. बाई गेल्यावर तिला एक प्रस्ताव आणि एक अहवाल स्वतःहून लिहिता आला, तर तू दिलेले मानधन वसूल झाले असे मी समजेन, त्या काळात निधी किती आला हा प्रश्न दुय्यम आहे. मुलांच्या फोटोंबद्दल एवढेच, की रडका चेहरा छापायचा नाही आणि आईवडिलांची संमती घेतल्याशिवाय कोणताच चेहरा छापायचा नाही.

आता जी कामे सल्लागाराची नाहीत, त्यांचे थोडे. तुझी आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जीची (देणगीदाराला करवजावट) नोंदणी २०२१ मध्ये नव्याने झालेली आहे, म्हणजे तिची पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने, म्हणजे येत्या ३० सप्टेंबरपर्यंत जायला हवा. विश्वस्त मंडळातला बदल धर्मादाय कार्यालयात अजून नोंदलेला नाही, असे तूच मागे म्हणाला होतास. तो बदल अर्ज अडकला असेल तर कोणत्याही कंपनीचा माणूस कागद पाहून तिथेच थांबेल. देणग्यांचे १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला १०बीईचे प्रमाणपत्र द्यायचे असते, ते तू यंदा जुलैत दिलेस. मला स्वतःला ते उशिरा मिळाले म्हणून सांगतो. हे सगळे सीएचे आणि तुझे काम आहे, आणि ते अपुरे असताना निष्णात सल्लागारही काही करू शकणार नाही. आणखी एक, कर वाचतो म्हणून द्या असे देणगीदाराला सांगण्याची सवय सोड. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि पगारदार माणसे मोठ्या संख्येने तिकडे गेली आहेत.

मग पैसा कुठून येईल, असे तू विचारशील. सीएसआरमध्ये कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो, आणि उद्योग आहेत ते वाळूज, शेंद्रा आणि जालन्याकडे. आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. परंतु पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत केज, धारूर आणि वडवणीची माणसे कमी नाहीत. तुझ्याकडे शिकून गेलेले मुलगेच तिथे किती आहेत, याची यादी तू कधी केली आहेस का? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण दोघे ट्रकमध्ये धान्याची पोती भरत होतो. ज्यांच्या घरी पुढच्या महिन्याची ज्वारी नव्हती, त्यांनीही पायलीभर आणून दिली होती. त्यांच्याकडे आपण त्यानंतर काही मागितलेच नाही. महिन्याला दोनशे रुपये देणारी तीनशे माणसे मिळाली तर वर्षाचे सात लाख वीस हजार होतात, आणि ती माणसे कोणत्याही करारासोबत मार्चमध्ये संपत नाहीत. बाईंना पहिले काम हेच द्यावे असे मला वाटते. अशा तीनशे माणसांशी वर्षभर संबंध कसा राखायचा, याची घडी त्यांनी बसवून द्यावी.

पोळा झाला की पुढच्या रविवारी मी केजला येतो. तोपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नकोस. बाईंनाही त्याच दिवशी बोलावता आले तर बोलाव, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याआधी लिहून काढ. त्यांतले दोनचार आकडे तुलाही नव्यानेच कळतील, असा माझा अंदाज आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना कोषाध्यक्ष

ता. क. नूतनीकरणाच्या अर्जासाठी सीएला फोन मात्र मी येण्याची वाट न पाहता आजच कर.