अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांना उत्तरदायी कोण? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कोल्हापूर शहरात आणि लगतच्या गावांत दरमहा शुल्क घेऊन अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांचा, मुले पुण्या-मुंबईला असलेल्या कुटुंबांना मोठा आधार वाटतो. परंतु अशा संस्थेत एखाद्याच्या माकडहाडापाशी किंवा टाचेवर जखम होऊन ती हाडापर्यंत पोहोचली, तर 'वय झाले होते' एवढ्यावर विषय मिटवला जातो.

शरीराच्या एकाच भागावर सतत दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि काही तासांतच हानी सुरू होते. म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, पुरेसा प्रथिनयुक्त आहार देणे आणि रोज पाठ तपासणे आवश्यक असते. हवेची गादी आणून टाकली म्हणजे कूस बदलण्यातून सुटका होत नाही. अखेरच्या आजारात सर्व काळजी घेऊनही जखम होऊ शकते, हे मान्य आहे. मात्र काळजी घेतली होती की नव्हती, हे ठरवणार कशावरून?

खरी अडचण इथेच आहे. शुल्क भरले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आणि नोंदी, असल्याच तर, संस्थेच्या कपाटात. पूर्णतः विनामूल्य आश्रमातील निराधारांना तर हा मार्गही नाही. रात्रपाळीला एकच मावशी ठेवणारे व्यवस्थापन नामानिराळे राहते आणि सारा दोष त्या मावशींच्या माथी येतो, हे मला विशेष अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत केवळ आजारी नव्हे, तर दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागाही येतात. तरीही 'आम्ही वृद्धाश्रम आहोत' असे सांगून नोंदणी टाळता येत असेल, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अंथरुणावरील व्यक्तींची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना हा अधिनियम लागू असल्याचे आपल्या विभागाने परिपत्रकाद्वारे स्पष्ट करावे. दाखल करतेवेळी त्वचेची तपासणी करून नातेवाइकांच्या सहीने नोंद घेणे, कूस बदलल्याची वेळ लिहिणे आणि मागणी केल्यास नोंदींची प्रत देणे नियमांनी बंधनकारक करावे. तसेच, ज्या संस्थेकडे अशा नोंदी नसतील, तिनेच आपण काळजी घेतल्याचे सिद्ध करावे, अशी तरतूद विधी विभागाच्या सल्ल्याने करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक नागरिक