रम्या, भाज्या मटणाबरोबर घालू नकोस

सोलापूर
डिसेंबरअखेर

प्रिय रम्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही. रागावला असशील तर तो राग योग्यच आहे. इकडे सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचा खांदा सुधारतोय. तब्येतीचं एवढं पुरे.

लिहायचं कारण अण्णा. परवा गेलो होतो तर म्हणाले, "रम्याला सांग, आला की ते तिकडचं मटण कर म्हणावं, भाज्या घातलेलं." रम्या, काकू गेल्यापासून त्या घरात मटण शिजलेलं नाही. अण्णांनी आपण होऊन काही खायला मागितलं, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं झालं" म्हणेल आणि विषय बदलेल. तुला ते सांगायलाच हवं होतं.

आणि तेव्हापासून मला एकच काळजी लागली आहे. तू तुझी कृती कळवलीस ना, "सगळं एकदम भांड्यात, वर पाणी, दीड तास"? ती इथे चालणार नाही बे. तिकडे कार्डिफात तू जे आणतोस ते वर्षाच्या आतलं कोकरू. त्याच्या स्नायूंच्या मधूनमधून चरबी असते, तंतू कोवळे असतात, दीड तासात ते मऊ पडतं. इथे मिळणार तो बोकड, बहुतेक आपला उस्मानाबादी. चरबी कमी, जोडऊती (स्नायूंना बांधणारी पांढरी जाळी) जास्त. मंद आचेवर त्याला दोन ते अडीच तास लागतात. तेवढा वेळ बटाटे आणि गाजरं त्याच पातेल्यात राहिली तर त्यांचा लगदा होतो. आणि भाज्या बघून तू गॅस बंद केलास तर मटण चिवट राहतं. अण्णांची कवळी सैल झाली आहे, चिवट तुकडा आला तर ते काही बोलणार नाहीत. ताट बाजूला सारतील आणि "पोट भरलं" म्हणतील. तुला ठाऊक आहेत ते.

तेव्हा दोन दिवसांत कर. पहिल्या दिवशी मटण आणि रस्सा, दुसऱ्या दिवशी भाज्या. तुमच्या वेल्सचं कौल, म्हणजे तिकडचा मटण-भाज्यांचा स्टू, तोसुद्धा आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी गरम करून जास्त आवडीने खातात, हे तूच लिहिलं होतंस.

आधी खरेदी. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकल्यावरच कर, यात्रेच्या दिवसांत अण्णा मटणाला हात लावणार नाहीत. मटण आदल्या दिवशी संध्याकाळी घे, सकाळपासून टांगलेल्या बोकडाचं. आपल्याकडे सकाळी कापलेलं दुपारी शिजवायची घाई असते. त्या वेळी स्नायू आखडलेले असतात, कितीही उकळा, मटण रबरासारखं लागतं. घरी आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की हा ताठा बराच उतरतो. मांडीचं घेऊ नकोस. दिसायला देखणी, पण कोरडी. मला किलोमागे असं हवं: खांद्याचं ६०० ग्रॅम, मानेचं २५०, नळीचं १५०. खांद्यात आणि मानेत जी पांढरी जाळी असते तीच हळूहळू विरघळून रश्श्याला ओठाला चिकटणारा दाटपणा देते. तुकडे मोठे सांग, निदान दीड इंचाचे. रश्श्याला करतात तसे बारीक केले तर तंतू सुटून जातात. आणि नळी कोयत्याने फोडू देऊ नकोस, करवतीने कापून घे. हाडाची चिरफळी अण्णांच्या घशाला लागता कामा नये.

रात्री फ्रीजमध्ये ठेवताना किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ चोळून ठेव. तेवढंच. दही नको, कच्ची पपई तर मुळीच नको. पपई बाहेरच्या थराचं पीठ करते आणि आत पोचतच नाही. पक्याच्या शेतावर आपण यावरून भांडलो होतो, आठवतंय? मी अजून माझ्याच बाजूला आहे.

सकाळी मटण फडक्याने कोरडं कर. हे टाळू नकोस. ओलं मटण कढईत टाकलं की आधी पाणी उडण्यात सगळी आच खर्च होते, तुकडे करडे होतात आणि वाफेवर शिजतात. खमंग रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या वर, पाणी मात्र शंभराच्या पुढे जात नाही. म्हणून लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापव, किलोला तीन मोठे चमचे तेल, आणि तुकडे थोडे थोडे टाक. दोन किलोचे पाच घाणे तरी कर. टाकलेला तुकडा लगेच हलवू नकोस, रंग आला की आपण होऊन सुटतो.

आता काकूंचं पितळी पातेलं. तू तेच काढणार, मला माहीत आहे, आणि काढावंसंच. पण मटण त्यात परतू नकोस. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. कोरड्या पातेल्यात मटण परतायला घेतलंस तर कल्हई सुटून मटणाला लागेल. परतायचं कढईत, शिजवायचं पातेल्यात. रस्सा असला की तापमान शंभराच्या आसपास राहतं, धोका नाही. कल्हई मी आधीच नवी करून आणतो. उघड्या पितळेत मिठाचा रस्सा तासन्‌तास ठेवायचा नाही.

मटण काढल्यावर त्याच कढईत दोन मोठे कांदे, किलोच्या मापाने म्हणतोय, बारीक चिरून घाल. सोनेरी झाले की आठ पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं ठेचून. मग एक वाटी गरम पाणी ओतून तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथण्याने खरवडून घे. स्टूची निम्मी चव तिथे आहे. काळं पडलं असेल तर मात्र ते टाकून दे, कडवटपणा नंतर जात नाही. हे सगळं पातेल्यात, मटण त्यावर, दोन तमालपत्रं, बारा मिरी, दीड ते पावणेदोन लिटर गरम पाणी. दोन किलो करशील तेव्हा पाणी दुप्पट करू नकोस, तीन लिटर पुरे. मोठ्या पातेल्यातून त्या मानाने कमी आटतं.

पहिली उकळी आली की फेस वर येईल, तो पळीने काढ. मग आच इतकी कमी कर की एका बाजूने मधूनच एखादा बुडबुडा यावा. खळखळून उकळलंस तर तंतू आवळतात, पाणी सोडतात आणि चरबी रश्श्यात फेटली जाऊन रस्सा गढूळ होतो. मटण पाण्यात असूनही कोरडं लागतं ते यामुळेच. झाकण तिरपं. दोन तासांनी तुकडा काढून काटा खुपसून फिरव. सहज फिरला की झालं. नाही फिरला तर अजून अर्धा तास, आच वाढवायची नाही.

कुकरचं म्हणशील. आपलं शिट्ट्यांचं भांडण मिटणार नाही असं दिसतंय, पण अर्ध्या वाटेपर्यंत मी येतो. गॅस संपत आला असेल, वेळ नसेल, तर कुकर वापर, पण फक्त मटणाला. शिट्ट्या मोजू नकोस. आच जास्त तर शिट्ट्या जास्त, त्याचा शिजण्याशी थेट संबंध नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद कर आणि घड्याळ लाव: बोकडाला वीस मिनिटं. मग वाफ आपोआप जिरू दे. शिट्टी उचलून वाफ सोडलीस तर आतलं सगळं एकदम खदखदतं आणि मटण पुन्हा आखडतं.

मटण शिजलं की तुकडे काढून घे, रस्सा गाळ, दोन्ही वेगवेगळं गार करून फ्रीजमध्ये. सकाळी रश्श्यावर चरबीचा थर गोठलेला असेल. एक चमचा ठेव, बाकी काढ. अण्णांच्या वाटणीचं मटण त्याच वेळी हाडावरून सोडव, बोटांनी चाचपून बघ, आणि मग लहान कर. आधी लहान कापून शिजवलेलं आणि शिजल्यावर लहान केलेलं यात फार फरक आहे. पहिलं कोरडं होतं.

भाज्यांसाठी लक्ष्मी मंडईत सकाळी लवकर जाऊ. तुझे ते लीक शोधत बसू नकोस, कांद्याची पात चालते: पांढरा भाग शिजवायला, हिरवा वरून. तुमच्या त्या स्वीड कंदाऐवजी नवलकोल, मुठीपेक्षा मोठा नको, मोठ्यात धागे असतात. साल जाड काढ, खालचा पांढरा थर निघेपर्यंत. बटाटे नवे, नखाने साल निघणारे. ते आकार धरतात, जुने फुटतात. किलोभर मटणाला बटाटे ४००, गाजर २५०, नवलकोल २५०, सोललेले मटार १००, पात एक जुडी.

रस्सा उकळला की आधी नवलकोल आणि गाजर, इंचभर तुकडे. त्याबरोबर तीन मोठे चमचे ज्वारीच्या कण्या, धुऊन. तिकडे तू बार्ली घालतोस, इथे मालदांडी ज्वारीच्या कण्या घाल. दाटपणा छान येतो आणि अण्णांना चावावं लागत नाही. अख्खी ज्वारी नको, ती दाताखाली टचटचते. कण्या तळाला बसतात, मधून मधून ढवळ. दहा मिनिटांनी बटाटे, दीड इंचाचे. आणखी पंधरा मिनिटांनी पातीचा पांढरा भाग आणि मटण, मटण फक्त गरम व्हायला. शेवटची सहा-सात मिनिटं मटार. हिरवी पात गॅस बंद केल्यावर.

टोमॅटो घालू नकोस. आंबट पडलं की बटाटा-गाजर लवकर मऊ होत नाही, तासभर शिजवूनही आत कणी राहते, आणि तू म्हणणार बटाटेच वाईट. आंबट हवंच तर ताटात लिंबू.

पातळ वाटलं तर दोन बटाटे पातेल्याच्या कडेला दाबून मोड. मैदा कालवून घालू नकोस, कच्ची चव राहते. खारट झालं तर बटाटा टाकून मीठ ओढलं जातं असं मामी सांगायच्या, पण बटाटा रस्सा पितो, मीठ तेवढंच राहतं. गरम पाणी वाढव, दुसरा इलाज नाही. आणि मीठ मुळात कमीच ठेव, अण्णांचं बीपी आहे.

तिखटाचं मी असं ठरवलंय. पातेल्यात फक्त मिरी. बाकीच्यांसाठी वेगळ्या पळीत तेल तापवून गॅस बंद करायचा, अर्धं मिनिट थांबायचं, मग दोन चमचे काळा मसाला आणि चमचाभर तिखट. ज्याला हवं त्याने आपल्या वाडग्यात घ्यावं. सोलापूरच्या पाहुण्यांपुढे नुसतं मिरीचं मटण ठेवलंस तर पक्या शेंगाचटणीचा डबा उघडून बसेल, आणि मला त्याला अडवता येणार नाही. भाकरी कडक आणतो. अण्णांच्या वाडग्यात ती कुस्करून सात-आठ मिनिटं आधी घाल, रस्सा पिऊन मऊ होते. अण्णा "भाकरी मी बघतो" म्हणाले आहेत, तरी मी आणतो.

तुझ्या लेकीची परीक्षा कशी गेली? नव्या नोकरीत प्रवास कमी झाला का? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. येताना त्यांना आणच, त्यांच्याशी बोलायचं राहूनच जातं.

विमानाची तारीख पक्की झाली की लगेच कळव. कल्हईवाला हल्ली रोज बसत नाही, पातेलं त्याच्याकडे आठवडाभर आधी पोचायला हवं. मोठी कढई आमच्याकडे आहे. कण्या गिरणीतून काढून ठेवतो. मटणवाल्याला दोन किलो खांदा आणि मान आधी सांगावी लागेल, नाहीतर रविवारी तोवर फक्त मांडी उरते.

अण्णांना तू येतोयस एवढंच सांगितलंय. बाकी काही सांगितलेलं नाही, तूही फोनवर सांगू नकोस. त्यांनी मागितलं म्हणून सगळे धावाधाव करताहेत असं कळलं तर "राहू दे" म्हणतील.

तुझा,
शिऱ्या

ता. क. कार्डिफहून येताना चीज आणणार असशील तर ते केरफिलीच आण. अण्णांना रश्श्याबरोबर एक तुकडा देऊन बघू, मऊ असतं, कुस्करतं. पण मग पातेल्यातलं मीठ आणखी चिमूटभर कमी कर.