टॉवेलखालचा दिवा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा आलं, दोनदा वाचलं. लेकीने घरचा धर्म सोडून दुसरी वाट धरली म्हणून महिनाभर तू तिच्याशी बोलला नाहीस, आणि वर लिहितोस, "मी विरोध करत नाही, सहन करतोय." या 'सहन'पाशी माझं घोडं अडलं. सहिष्णुता हा शब्दही त्याच धातूतला, कबूल. पण सहन आपण दाढदुखी करतो रे. लेक म्हणजे काय दाढदुखी आहे?

हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटबद्दल तुला कधी धड सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्या बाजूने काही नव्हतं. त्याचा धर्म वेगळा, आणि मी तेव्हा नुकताच देव मोडीत काढलेला. नव्या नास्तिकाइतका कडवा कोणी नसतो. तो पहाटे उठून भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायचा. मी पांघरुणात जागा राहून त्याला कोंडीत पकडणारे प्रश्न जुळवायचो. एका रात्री चार पोरांसमोर वाद घातला आणि जिंकलो. पोरं हसली. तो काहीच बोलला नाही. आठवड्याभरात त्याने खोली बदलून घेतली. त्याचं टेबल रिकामं झालं, तेव्हा मागे राहिलेला एक जुना टॉवेल दिसला. मधोमध करपल्याचा तपकिरी डाग. उजेडाने माझी झोप मोडू नये म्हणून तो रोज पहाटे टेबललॅम्पवर टॉवेल टाकायचा. मला वर्षभर फक्त पुटपुटणं ऐकू आलं होतं.

अशोकाचा बारावा शिलालेख मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा, स्वतः बौद्ध, आणि दगडावर कोरून काय सांगतो, तर जिभेला आवर घाला. उगाच आपल्या पंथाची स्तुती नको, दुसऱ्याची निंदा नको. भक्तीच्या भरात जो असं करतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. वाचताना मला तो टॉवेल आठवला.

तू म्हणशील, परक्यांशी मी कधी वाईट वागलोय? नाहीसच. तुझ्या मित्रांत सगळ्या धर्मांची माणसं आहेत, मी पाहिलंय. पण परक्याचं वेगळेपण पचवणं सोपं, घरातलं अवघड. जेरुसलेमला ख्रिस्ताच्या थडग्यावर उभं असलेलं चर्च आहे ना, ते सहा ख्रिस्ती पंथांत वाटलेलं आहे. त्याच्या दाराची किल्ली मात्र पिढ्यानपिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे आहे, आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. त्या किल्लीवरून या पंथांची रडारड नाही. आत मात्र 2008 साली ग्रीक आणि आर्मेनियन संन्यासी हमरीतुमरीवर येऊन चक्क मारामारीपर्यंत गेले, पोलीस बोलवावे लागले. भाऊबंदकी देवाच्या घरातही सुटत नाही!

मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही देतं. पण कलमं दाखवून बापाची समजूत निघत नाही, हे मला कळतं. तिला कोणी फसवलं असतं, धाकात ठेवलं असतं, तर मीच तुझ्याबरोबर धावलो असतो. तसं काही तुझ्या पत्रात नाही. आहे ते इतकंच, की ती आता तुझ्यासारखी प्रार्थना करत नाही. तिचं म्हणणं तुला पटायलाच हवं असं कुठे आहे? त्या रूममेटचं मला आजही पटत नाही. फक्त तो भेटला असता तर मी त्याला प्रश्न विचारले नसते.

तर आज रात्री तिला फोन कर. धर्माचा विषय काढू नकोस, "तुझं तू बघ" असलं तुटकही बोलू नकोस. तिच्या नव्या नोकरीचं विचार, ते तू पत्रात एका ओळीत गुंडाळलंयस. ती स्वतःहून काही सांगू लागली, तर मध्ये तोंड घालू नकोस. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे.

फोन झाला की लिही.

तुझाच